भोसरीत जुन्या गाडीचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बदलून घेतला

आमची जुनी ऑटोमॅटिक हॅचबॅक, चार स्पीडचा टॉर्क कन्व्हर्टरवाला (म्हणजे इंजिनची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सला देणारा भाग असलेला) गिअरबॉक्स. डी मध्ये टाकून रेस दिली तरी नुसता इंजिनचा आवाज, गाडी जागची हलेना. अख्ख्या नवीन गिअरबॉक्सचं कोटेशन विचारलं तर गाडी विकून जेवढे येतील त्याच्याही वर!

भोसरीतल्या ह्या गॅरेजवाल्या दादांनी आधी गिअरबॉक्सच्या ऑइलची डिपस्टिक (लेव्हल बघायची पट्टी) काढून दाखवली, ऑइल लाल असायला हवं ते पार काळपट आणि जळका वास, म्हणाले क्लच प्लेटा गेल्यात, आता नुसतं ऑइल बदलून काही होणार नाही. मग कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून सेकंडहँड बॉक्स आणला, कन्व्हर्टरसकट, आणि बसवायच्या आधी त्याचं पॅन (खालचा ऑइलचा ट्रे) माझ्यासमोर खोललं. त्यातल्या मॅग्नेटवर बारीक राखाडी लगदा होता, तो चालतो, पण धातूचे तुकडे नव्हते, तेव्हाच मी हो म्हटलं.

सगळ्यात भारी म्हणजे कूलरच्या लाइन, म्हणजे गिअरबॉक्सचं ऑइल थंड व्हायला जातं त्या नळ्या, फ्लश करून साफ केल्या. जुन्या बॉक्सचा क्लचचा कचरा तिथे अडकून बसतो आणि मग दुसऱ्या बॉक्सची पण वाट लावतो, घाईत हे राहूनच जातं. ऑइल मॅन्युअलमधल्या ग्रेडचंच, लेव्हल पण गाडी गरम करून इंजिन चालू ठेवून बघितली. आता दिवे घाटात एकही झटका नाही.

वेळ मात्र लागतो आणि फोन पटकन उचलत नाहीत. बंद गाडी न्यायची तर फ्लॅटबेडच (अख्खी गाडी वर चढवून नेणारा ट्रक) सांगा, पुढची चाकं रस्त्यावर ठेवून ओढू देऊ नका.