कोल्हापुरी चप्पल: चावली, पण निम्मी चूक माझी (5 पैकी 4 स्टार)

कोल्हापूरच्या चप्पल लाईनमधून घेतली, जोड अठराशेला पडला, वेणीवाली, दोन्ही बाजूंना कान, जाड तळ आणि कुठंही खिळा नाही, सगळी चामड्याच्या वादीने शिवलेली. मामेबहिणीचं लग्न होतं आणि नऊवारीवर सँडल घालायचं मला जमत नाही म्हणून मुद्दाम वाट वाकडी करून गेले होते. दुकानातले काका पैसे घेता घेता म्हणाले, आठ दिवस घरात अर्धा अर्धा तास घाला ओ ताई, तेल मुरू द्या, मग कुठंबी हिंडा. मी हो हो केलं. घेतली गुरुवारी आणि शनिवारी घालून वरातीत तीन तास नाचले.

निकाल असा: पट्ट्याखाली, म्हणजे पायाच्या वरच्या बाजूला, सालटं निघालं आणि चवड्याखाली रुपयाएवढा पाण्याचा फोड. चप्पल एक, दिवस एक, आणि जखमा दोन वेगळ्या प्रकारच्या, हे बघून दुखत असतानाही मला जरा मजाच वाटली कारण माझं रोजचं काम पेशींचं आहे, लॅबमध्ये डिशमध्ये पेशी वाढवते.

झालं काय तर तळव्यावर मेलेल्या पेशींचा थर भरपूर जाड असतो, पापणीची वरची त्वचा 0.05 मिमी धरली तर तळव्याची जवळपास 1.5 मिमी, आणि हा जाड थर घासून निघतच नाही. चप्पल त्याला धरून मागे पुढे ओढते, आतलं हाड त्याच्या तालावर वेगळंच सरकतं आणि सगळी ओढाताण मधल्या जिवंत पेशींवर येते. या पेशी एकमेकींना टिचबटणांसारख्या जोडांनी धरून असतात, प्रत्येक बटणाला आतून केराटिनचे दोर बांधलेले, त्यामुळे एका पेशीवरचा ताण शेजारणींमध्ये वाटला जातो. पण तोच झटका परत परत बसला की मधला थर फाटतो, पोकळी होते, तिच्यात पाणी भरतं. तो फोड. पायाच्या वरच्या बाजूला हे जाड पांघरूणच नाही, तिथं वरचं कातडं सरळ खरवडून निघतं. आणि घामाने ओलसर झालेली त्वचा कोरडीपेक्षा जास्त धरते, म्हणजे मे महिना, वरात आणि नवं कोरं चामडं, सगळं बरोबर जुळून आलं.

मावशी सुई-दोरा घेऊन फोड फोडायला आलीच होती, तिला हात लावू दिला नाही. वरचं कातडं हेच फुकटचं बँडेज. खालच्या पेशी साधारण 24 तासांत जोरात विभागायला लागतात, 48 तासांत नवा थर दिसू लागतो आणि पाचेक दिवसांत वर कडक आवरणही येतं. माझा फोड सहाव्या दिवशी सपाट झाला होता.

मग काकांचं ऐकलं. रोज अर्धा तास घरात, पट्ट्याला आतून खोबरेल, दुखायला लागलं की काढून ठेवायची. तीन आठवड्यांनी चवड्याखालचं कातडं जरा जाड, पिवळसर झालं, बोटाने दाबलं की बधिर लागतं. हाच घट्टा. तीच चप्पल, तेच वजन, फक्त पेशींना वेळ मिळाला की त्या फाटायच्या ऐवजी थर चढवतात. आम्ही लॅबमध्ये ज्या पेशी वापरतो त्या 1958 साली एका कॉकर स्पॅनियल कुत्रीच्या किडनीतून काढलेल्यांचे वंशज आहेत, डिशमध्ये फरशी बसवल्यासारख्या एका थरात वाढतात. हा थर सिलिकॉनच्या पातळ पडद्यावर वाढवून पडदा ताणला की काही पेशी तासाभरातच विभागायला लागतात, आणि उलट गर्दी झाली की शेजारणी आवळून एकीला जिवंतच बाहेर ढकलून देतात. ताण ओळखणारं त्यांचं दार म्हणजे पिएझो नावाचं प्रोटीन, 2010 मध्ये आर्देम पटापूटियन यांच्या लॅबने शोधलं, त्यांना 2021 चं नोबेल मिळालं ते या कामासाठी. पायाच्या घट्ट्यात नेमकं असंच घडतं असा माझा दावा नाही, पण ताण आला की पेशी नुसत्या सोसत बसत नाहीत, काहीतरी करतात, एवढं तर चप्पलही सांगते.

आता एक स्टार का कापला. डाव्या पायाच्या पट्ट्याची आतली कड तासलेली नव्हती, धारदारच होती. जोर एका रेघेवर आला की सालटं निघणारच, त्याला मी सवय लावून काय करू. शेवटी काचपेपरने घरीच घासली, मग त्रास थांबला. अठराशे घेताय तर एवढं करून द्यायला हरकत नव्हती. बाकी चामडं उत्तम, हिरडा आणि बाभळीची साल वापरून कमावलेल्या चामड्याचा वास अजून येतो, करकर आवाज मात्र महिन्याभरात बंद झाला (मला आवडायचा).

घेणाऱ्यांसाठी: सुरुवातीला घट्टच घ्या, चामडं सैल होतं, मी नेहमीपेक्षा सैल घेतली असती तर आज पाय चपलेत पोहला असता. घट्ट्याच्या मधोमध टोचणारा कडक खडा झाला तर ते कुरूप, ब्लेडने कापत बसू नका, डॉक्टरला दाखवा. बाबांसाठी पण जोड बघितला होता पण त्यांना शुगर आहे, तळव्याची जाणीव कमी झालीय, त्यांना फोड आलेला कळणारच नाही, म्हणून नाही घेतला. त्यांना मऊ सोलचे बूट घेतले, तेही रोज संध्याकाळी मोजे काढून मी तळवे बघते.