नाल्याकाठची पायवाट अन् रेल्वेचा नवा पूल: आमच्या सर्वेवाल्या भाऊंच्या कामाचा रिव्ह्यू

पाचपैकी साडेचार स्टार. अर्धा कशाचा कापला ते पुढे येईलच. पण ज्या ग्रामपंचायतीला नाल्याकाठून रेल्वे पुलाखालून रस्ता काढायचा आहे आणि नेमकं तिथंच पुलाचं काम निघालं आहे, त्यांनी आधी असा माणूस शोधावा आणि मग मुरमा-खडीचं कोटेशन मागावं. आम्ही बरोब्बर उलटं करायला निघालो होतो.

मी ग्रामपंचायत सदस्य आहे, गाव वर्धा-बडनेरा लाईनीवरचं. वस्ती लाईनीच्या अलीकडे आणि शाळा, बसचा थांबा आणि अर्ध्याच्या वर वावरं पलीकडे. फाटक आहे पण तीन किलोमीटरवर, म्हणून सगळं गाव भरावावर चढून सरळ रूळ ओलांडतं, डोक्यावर भारा घेतलेल्या बाया, सायकल खांद्यावर घेतलेले पोट्टे, बकऱ्या, सगळेच. रूळ ओलांडणं हा रेल्वे कायद्याच्या कलम 147 प्रमाणे गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, हे मला सदस्य झाल्यावर कळलं. गावाला त्याच्याआधी दुसऱ्याच गोष्टीनं शहाणं केलं होतं, आमच्या गल्लीतल्या काकाजींच्या सात बकऱ्या एका सकाळी धुक्यात गाडीखाली गेल्या. काकाजी महिनाभर कोणाशी बोलले नाहीत. त्याच रस्त्यानं माझी पोरगी रोज शाळेत जायची.

पुलाखालून नाला वाहतो आणि नाल्याच्या काठानं जुनी पांदण आहे, गावनकाशावर दिसते पण जागेवर अर्धी लोकांनी धुऱ्यात, म्हणजे शेताच्या बांधात घेतलेली. ती मोकळी करायची, मुरूम टाकायचा, पुलाखालून पलीकडे काढायची, झालं, असं आम्हाला वाटत होतं. मला तर जरा जास्तच वाटत होतं कारण माझं माहेर दारव्ह्याकडचं, शकुंतला नावाच्या छोट्या गाडीच्या लाईनीवरचं. तिकडे मूर्तिजापूर-यवतमाळ 113 किलोमीटरची ती छोटी लाईन, दोन रुळांत 762 मिलिमीटरचं अंतर, 1994 पर्यंत वाफेचं इंजिन, दिवसातून एखादी गाडी जायची. तिच्या पुलाखाली आम्ही लहानपणी भातुकली खेळलेलो. रेल्वेचा पूल म्हटलं की माझ्या डोळ्यासमोर तोच यायचा. पण ही मेन लाईन आहे, 1867 मध्ये नागपूरपर्यंत गेलेली, वर 25 हजार व्होल्टच्या तारा, दहा-पंधरा मिनिटाला गाडी. इथे पुलाच्या आसपास कुदळ मारायची तरी विचारावं लागतं आणि विचारायचं कोणाला, हेच आम्हाला माहीत नव्हतं.

भाऊंचं ऑफिस तालुक्याला बसस्टँडच्या मागे, कृषी केंद्राच्या वरच्या मजल्यावर, दोन खोल्या. आधी एका सरकारी खात्यात कंत्राटावर होते, आता प्रायव्हेट सर्वे आणि ड्रॉइंग करतात. आम्ही तिघं गेलो, नकाशा टेबलावर पसरला आणि सरपंच भाऊंनी सांगितलं की मार्चच्या आत पैसे खर्च झाले पाहिजेत, एस्टिमेट लवकर बनवून द्या. त्यांनी नकाशा पाहिला आणि पहिला प्रश्न विचारला, "पुलाचा नंबर काय आहे जी?" आम्ही एकमेकांकडे पाहिलं. रोज ज्याच्या खालून ढोरं नेतो त्याला नंबर असतो हे कोणाला माहीत! दुसऱ्या दिवशी सकाळी सातला ते लेव्हल मशीन घेऊन नाल्यावर हजर. पुलाच्या बाजूच्या काळ्या दगडावर रंगवलेला किलोमीटरचा आकडा आणि पुलाचा नंबर दाखवला, पुराच्या पाण्याची खूण दाखवली आणि त्याच दगडावर ताज्या रंगाचे दोन-तीन फराटे होते ते दाखवून म्हणाले, "ताई, हे कायचे आहेत सांगू? हा पूल बदलणार आहेत. आता पायवाट बांधाल तर उन्हाळ्यात त्याच्यावरून हायड्रा क्रेन आणि पोकलँड जाईन, तुमचा मुरूम तुमाले शोधावा लागन."

ते फराटे तिसऱ्या लाईनीचे असतील असं गावात सगळे समजत होते.

इथे त्यांचं खरं काम सुरू झालं. दुसरा कोणी असता तर आम्ही म्हटलं तसं एस्टिमेट बनवून, फी घेऊन मोकळा झाला असता, मार्चमध्ये बिल निघालं असतं आणि जूनमध्ये पायवाट नसती. यांनी सरळ सांगितलं की पुलाच्या दोन्ही बाजूंचे दोनशे-दोनशे मीटर यंदा हातच लावू नका. यंदाचा पैसा रेल्वेच्या हद्दीच्या खांबापासून लांबच्या नऊशे मीटरवर लावा, पांदण मोजून मोकळी करा, मातीकाम रोजगार हमीत घ्या, आणि पुलाजवळचं पुलाच्या कामासोबत चालवा. सरपंच भाऊ चिडले. त्यांचं पण चुकीचं नव्हतं, पैसा परत गेला तर गाव त्यांनाच विचारणार. पण भाऊ ठाम राहिले आणि मला तेव्हाच ते आवडले.

मग त्यांनी चौकशी करून आणली की नव्या पुलाचं ड्रॉइंग, ज्याला ते जीएडी म्हणतात, जनरल अरेंजमेंट ड्रॉइंग, ते अजून पक्कं व्हायचं होतं. ही गोष्ट ज्यांना असं काम करायचं आहे त्यांनी डोक्यात ठेवा. जीएडीवर सह्या झाल्या की मग तुम्ही कितीही चकरा मारा, पुलाचा एक इंच सहसा हलत नाही, जे मागायचं ते त्याच्या आधीच. ग्रामसभा घेतली, ठराव केला, भाऊंनी पत्र लिहून दिलं. माझा आग्रह होता की पत्रात मोठा अंडरपास मागू, कापसाची बंडी जाईल एवढा उंच. त्यांनी मला बसवून समजावलं की रेल्वे कायद्याच्या कलम 17 प्रमाणे ग्रामपंचायतीसारख्या संस्थेला रुळाखालून नवा रस्ता हवा असेल तर तो मागता येतो, पण खर्च मागणाऱ्याचा. आपल्या पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीत त्याचा एक कोपरा पण बसणार नाही. म्हणजे असं मागायचं जे त्यांच्या कामात तसंही बसतं.

तर आम्ही तीनच गोष्टी मागितल्या. जुन्या पुलाला दगडी खांब आणि वर लोखंडी गर्डर, त्याच्या जागी सिमेंटचे तीन चौकोनी, बोगद्यासारखे बॉक्स येणार होते. त्यातला गावाकडचा बॉक्स काठावर येतो, त्याचा तळ काठाच्या लेव्हलला ठेवा, दोन्ही टोकाला पायरीसारखा खड्डा सोडू नका. दुसरं, काम चालू असताना शेतकऱ्यांची ये-जा बंद करू नका. आणि तिसरं, जे मला कधीच सुचलं नसतं, कंत्राटदार त्याचे ट्रक आणायला नाल्याकाठून कच्चा रस्ता करणारच आहे, तर तो आमच्या पांदणीच्या रेघेतच करा आणि जाताना उपसू नका.

पहिल्या मागणीवर पेच पडला, कारण पुलाखालून पाणी जायची जागा कमी होईल असं काहीही रेल्वे करू देत नाही, आणि बरोबरच आहे ते, वरून माणसांनी भरलेल्या गाड्या जातात. भाऊंनी आपल्या लेव्हलचे आकडे दिले, म्हाताऱ्या माणसांना विचारून सगळ्यात मोठ्या पुराची उंची कोणत्या घराच्या पायरीला लागली होती ते मोजून दिलं. तीन बॉक्समध्ये मिळून पाण्याला जुन्यापेक्षा जास्त जागा मिळत होती, म्हणून एकाचा तळ थोडा वर घ्यायला चाललं. रेल्वेचे जे इंजिनीअर साहेब जागेवर आले त्यांनी पण नीट ऐकून घेतलं, हे मुद्दाम लिहिते.

कच्च्या रस्त्याचं मात्र मन दुखवणारं झालं. खाली काम घेणाऱ्या ठेकेदाराच्या माणसानं आधी हो म्हटलं आणि मग ट्रक सरळ एका विधवा बाईच्या तुरीतून घातले. भाऊंना फोन केला, त्या दिवशी त्यांनी उचललाच नाही. दुसऱ्या दिवशी आले, स्वतः चुन्यानं रेघ मारली, दोन्ही बाजूंना बोलावून उभं केलं, तेव्हा ट्रक पांदणीत आले. त्या बाईला भरपाई मिळाली, पण अर्धी. फोन न उचलणं हा माझा कापलेल्या अर्ध्या स्टारचा पहिला भाग.

ब्लॉकची, म्हणजे गाड्या थांबवून काम करायची रात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही. आधी काही दिवस रुळाखाली तात्पुरते गर्डर देऊन ठेवले होते, गाड्या बैलगाडीसारख्या जायच्या, ड्रायव्हर खिडकीतून पाहत जायचा. मग एका रात्री काही तास गाड्या बंद, वरच्या तारांचा करंट बंद, मोठे लाईट, आणि क्रेननं आधीच ओतून ठेवलेले बॉक्स एकाला एक लावत बसवले. सगळं गाव धुऱ्यावर चादरी घेऊन बसलेलं. पहाटे पहिली मालगाडी हळूहळू त्याच्यावरून गेली तेव्हा गॅंगमन लोकांनी हात वर केले आणि आमचे काकाजी, बकऱ्यावाले, उभे राहिले. बोलले काही नाही.

आता वापराबद्दल, एक पावसाळा पूर्ण काढून लिहिते आहे. पायवाट एकूण साधारण तेराशे मीटर. ट्रकांनी दाबलेला मुरूम तसाच खाली पायाला मिळाला, आमची काळी माती उन्हाळ्यात हात जाईल एवढी फाटते आणि पावसात फुगते, तिच्यावर नुसता पातळ मुरूम टाकला तर दुसऱ्या वर्षी चिखल, त्यामुळे हा आयता जाड थर म्हणजे आमचे निम्मे पैसे वाचले. पुलाखालच्या तुकड्यात मुरूम नाही, सिमेंट आहे, कारण भाऊंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की हा तुकडा पुरात बुडणारच, बुडू द्यायचा, फक्त वाहून जाऊ द्यायचा नाही. चार वेळा बुडाला. पाणी उतरलं की खराट्यानं गाळ काढला आणि सुरू. दोन्ही टोकाला आडवा पाईप टाकून साखळी केली आहे, पाणी काठाला लागलं की पोलीस पाटील कुलूप लावतात, आणि भिंतीवर फुटाच्या खुणा आहेत. त्या दिवसांत मुलं फाटकानं जातात, लांब पडतं पण जातात.

आणखी एक सुख. जुन्या पुलाला वर फटी होत्या, स्लीपरांच्या मधून आभाळ दिसायचं आणि गाडी गेली की खडा, पाणी, नको ते अंगावर. बॉक्सला वर स्लॅब आहे, गाडी डोक्यावरून गेली तरी फक्त गडगड ऐकू येते. पोरगी म्हणते आई पोटात वाजते गाडी.

उणीवा. ड्रॉइंग सगळं इंग्रजीत दिलं, ग्रामसभेत ते भिंतीला लावून उपयोग काय, शेवटी माझ्या भाच्यानं मराठीत लिहून चिकटवलं. दुसरं, बॉक्समध्ये उतरायचा उतार गुळगुळीत केला, पोळ्याच्या दिवशी एक बैल गुडघ्यावर आला, नशीब पाय मोडला नाही. ढोरं जाणार हे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं, हे त्यांच्या ध्यानात यायलाच पाहिजे होतं. नंतर मशीननं आडवे खाचे मारून घेतले, त्याचे पैसे घेतले नाहीत. तिसरं, नाला जिथे वळतो तिथे काठ धरून ठेवणारी दगड भरलेली जाळी त्यांनी वळणाच्या आधीच संपवली, पहिल्या मोठ्या पावसात तिच्या मागून पाणी शिरलं आणि दहा-बारा मीटर काठ पायवाटेसकट गेला. विचारलं तर तोंड लपवलं नाही, "माझं चुकलं ताई, अजून वीस मीटर पाहिजे होती" म्हणाले. काम मात्र दिवाळीनंतरच होईल, तोवर तिथे फळ्या टाकून जातो.

फी 22 हजार घेतली, त्यात सर्वे, ड्रॉइंग, एस्टिमेट, पत्रव्यवहार आणि सहा वेळा जागेवर येणं, त्याच्यावर प्रत्येक चकरेला 800. आमच्या एकूण नऊ झाल्या. पावती देतात.

जाणार असाल तर गावनकाशा, पांदण मोजणीची कागदं आणि पुलाचा किलोमीटर-नंबर असलेला फोटो घेऊन जा, नाहीतर तुम्हाला पहिल्या दिवशी परतच पाठवतील. आणि बुधवारी जाऊ नका, बाजाराचा दिवस असतो, खाली कृषी केंद्रात गर्दी आणि भाऊ कुठल्या तरी नाल्यात मशीन लावून उभे असतात.