‘सेम टू सेम’ एचटी कॉइल आणि जळालेला ईसीयू

दुचाकी गरम झाली की मिसिंग मारते, थंड झाली की सरळ चालते. मेकॅनिक म्हणतो, "एचटी कॉइल गेली." (म्हणजे व्होल्टेज वाढवून प्लगला ठिणगी पुरवणारी कॉइल.) स्पेअर पार्टच्या काउंटरवर गाडीचं नाव सांगितलं की डबा पुढे येतो. इथवर ठीक. खरी टोपी घातली जाते ती पुढच्या वाक्यात: "मॉडेल कुठलंही असू द्या साहेब, कॉइल सेम टू सेम."

सेम असते ती बाहेरून. काळं प्लास्टिक, मधोमध पत्र्यांची गड्डी, बोल्टची भोकं. पण 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 हा प्रदूषणाचा नियम आला आणि शंभर-सव्वाशे सीसीच्या कितीतरी गाड्या त्याच नावाने कार्बोरेटरवरून इंजेक्शनवर गेल्या. नाव तेच, इग्निशन वेगळं. सीडीआय हे बऱ्याच कार्बोरेटरच्या गाड्यांतलं इग्निशन. त्यात कपॅसिटर दोन-तीनशे व्होल्टपर्यंत भरतो आणि क्षणात कॉइलमध्ये रिकामा होतो. कॉइलला स्वतः काही साठवायचं नसतं, म्हणून प्रायमरीचे (करंट आत येतो त्या गुंडाळीचे) वेढे कमी आणि रेझिस्टन्स बहुधा एक ओहमच्या आत. टीसीआय (ट्रान्झिस्टरचं इग्निशन) किंवा ईसीयूवाल्या (इंजेक्शन आणि ठिणगी सांभाळणारा इलेक्ट्रॉनिक डबा असलेल्या) गाडीत बॅटरीचा करंट काही मिलिसेकंद कॉइलमधून वाहतो, मग ट्रान्झिस्टर तो तोडतो आणि ठिणगी पडते. इथे साठवण कॉइलचीच, त्यामुळे वेढे जास्त, रेझिस्टन्सही साधारण जास्त.

आता अर्ध्या ओहमची सीडीआय कॉइल ईसीयूवर लावा. 12 भागिले 0.5, म्हणजे करंटची धाव 24 अँपिअरकडे. तिथवर तो पोचत नाही, पण वेढे कमी असल्याने भलत्या वेगाने चढतो आणि तोडणारा ट्रान्झिस्टर तापत राहतो. गाडी पहिल्या किकला सुरू होते, गिऱ्हाईक खूश होऊन जातं. पुढे कधीतरी ईसीयूच जळतो. मग काउंटरवरचा तोच माणूस सांगतो, "तुमचा ईसीयू आधीच वीक होता." कॉइल शेकड्यांत येते, ईसीयू हजारांत. उलट चूक, म्हणजे टीसीआयची कॉइल सीडीआयवर, एवढी महाग पडत नाही: ठिणगी मऊ पडते आणि गाडी वरच्या आरपीएमला अडखळते.

काउंटरवर दोन खेळ हमखास दाखवतात. मल्टिमीटर बीपवर ठेवून प्रायमरीला लावायचा: "बघा, चालू आहे." तार तुटलेली नसेल तर कुठलीही कॉइल बीप देणारच. दुसरा, प्लग इंजिनाला टेकवून निळी ठिणगी दाखवायची. उघड्या हवेत ठिणगी सहज उडते. सिलिंडरमध्ये दाबाखाली तीच उडवायला कितीतरी जास्त व्होल्टेज लागतं.

स्वतः तपासायचं तर आधी गाडी ओळखा. कॉइलचे कनेक्टर काढा, चावी ऑन करा. एका वायरवर बॅटरीएवढे व्होल्ट स्थिर दिसले तर गाडी टीसीआय किंवा ईसीयूवाली. सीडीआयमध्ये असा कायमचा 12 व्होल्ट तिथे नसतो. एक वायर सीडीआयकडून येते आणि प्रायमरीचं दुसरं टोक अर्थला, बऱ्याचदा कॉइलच्या बोल्टमधूनच. (चालू गाडीत त्या वायरला हात लावू नका, झटका जोरदार बसतो.)

मग मीटर 200 ओहमच्या रेंजवर. आधी दोन्ही प्रोब एकमेकांना टेकवा. 0.3 दिसलं तर ते प्रत्येक मापातून वजा करायचं, नाहीतर 0.5 ची कॉइल 0.8 दाखवेल. कॉइल थंड हवी. तांब्याचा रेझिस्टन्स 20 अंशांमागे जवळपास आठ टक्के वाढतो. सेकंडरी (प्लगकडे जाणारी गुंडाळी) मोजताना प्लग कॅप (वायरच्या टोकाची, प्लगवर बसणारी टोपी) काढून मोजा, कारण बहुतेक कॅपमध्ये 5 किलोओहमचा रेझिस्टर असतो. आलेला आकडा गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलशीच जुळवा. "एकच्या आत म्हणजे सीडीआय" असा ढोबळ हिशोब लावू नका, काही ईसीयूवाल्या कॉइलही एकच्या आसपास असतात.

आणि खरं तर कॉइल गेलीच आहे का? कॅप स्क्रूची असेल तर ती पिळून काढा, वायरचं टोक अर्धा सेंटिमीटर कापून कॅप पुन्हा घट्ट बसवा. बरीच मिसिंग इथेच संपते, आणि याचे पैसे कुणी मागत नाही म्हणून हे कुणी सांगतही नाही.

नवी म्हणून जुनीच रंगवून दिलेली कॉइल टर्मिनलवरच्या ओरखड्यांवरून आणि बोल्टच्या भोकाभोवती उमटलेल्या वॉशरच्या खुणेवरून कळते. पक्कं बिल घ्या आणि त्यावर पार्ट नंबरसोबत गाडीचं मॉडेल, वर्ष आणि ‘बीएस-6’ लिहून घ्या. लिहायला नकार आला तर तिथून निघा. "इलेक्ट्रिक माल परत नाही" ही पाटी कायदा नव्हे. ग्राहक संरक्षण कायदा 2019 प्रमाणे, बिलावर मुदत नसेल तर सदोष माल 30 दिवसांत परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापार प्रथा ठरते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार करता येते.

जुनी कॉइल मात्र दुकानात सोडून येऊ नका. तिच्यावरचा नंबर तुलनेला लागतो, आणि रंगवायला माल मिळतो तो असाच.