सॉलिसिटर कधी गाठावा? इंग्लंडमधल्या रेडिंगच्या फ्लॅटचा आठ महिन्यांचा अनुभव

मार्च २०२५मध्ये 'अ‍ॅग्रीमेंट इन प्रिन्सिपल' (बँक साधारण किती कर्ज देईल याचं प्राथमिक पत्र) हातात आलं तेव्हा सॉलिसिटर, म्हणजे घरखरेदीचं कायदेशीर काम पाहणारा वकील, शोधायचं माझ्या डोक्यातच नव्हतं. पुण्यात भावाने फ्लॅट घेतला तेव्हा बँकेच्या वकिलानेच कागद तपासले होते. इथेही तसंच असेल असं धरून चाललो. त्या पहिल्या कागदाला सॉलिसिटर लागत नाही हे खरं. पण आमची ऑफर मान्य झाली, पूर्ण मॉर्गेज (गृहकर्ज) अर्ज भरायला बसलो आणि ब्रोकरने सॉलिसिटरचं नाव विचारलं. घाईघाईत एजंटने सुचवलेली फर्म घेतली. ती आमच्या लेंडरच्या, म्हणजे कर्ज देणाऱ्या बँकेच्या, पॅनेलवर (मान्य वकिलांच्या यादीत) नव्हती, म्हणजे बँकेच्या वतीने ती काम करूच शकत नव्हती. दोन आठवडे गेले. विकणारे चिडले ते वेगळंच.

दुसऱ्या सॉलिसिटर बाईंना पॅनेलचं आधी विचारलं, मग फीचं. त्यांचा पहिला प्रश्न: डिपॉझिटचे (स्वतः भरायच्या रकमेचे) पैसे कुठून येणार? थोडे बाबांच्या एफडीतून येणार होते. मग एफडी मोडल्याची पावती, बाबांच्या खात्याची सहा महिन्यांची स्टेटमेंट, ही भेट आहे, परत मागणार नाही असं त्यांचं सहीचं पत्र, पासपोर्टची साक्षांकित प्रत. बाबा सत्तरीचे, बँकेत तीन खेपा झाल्या. सगळ्यात जास्त वेळ यातच गेला, आणि हे सगळं घर पसंत पडायच्या आधी उरकता आलं असतं. भारतातून पैसे येणार असतील तर पहिला कागद मिळेल त्याच दिवशी सॉलिसिटर ठरवा, असं मी आता प्रत्येकाला सांगतो. ओळखपत्रं आणि पैशांचा माग तेव्हाच देऊन टाका. (स्कॉटलंडमध्ये तर ऑफरच सॉलिसिटरमार्फत जाते, तिथे आधीच लागतो.)

काउन्सिल, पाणी-ड्रेनेज, पर्यावरण या सर्चचे (घराबद्दलच्या अधिकृत चौकशांचे) पैसे मात्र लगेच भरू नका. बँकेचं व्हॅल्युएशन होईपर्यंत बाईंनी आम्हाला थांबवलं. व्हॅल्युएशन कमी आलं असतं तर ते पैसे बुडाले असते.

सॉलिसिटर बाईंची खरी किंमत कळली ती लीजवरून. फ्लॅट लीजहोल्ड, म्हणजे ठरावीक मुदतीच्या भाडेपट्ट्यावरचा, आणि त्यातली ८२ वर्षं उरलेली. एजंटने 'भरपूर आहेत' म्हटलं होतं. ८०च्या खाली गेली की मुदत वाढवणं महाग पडतं हे बाईंनी समजावलं. त्या जोरावर आम्ही किंमत कमी करून घेतली. करारांची अदलाबदल होईपर्यंत इथे कोणीच बांधलेलं नसतं, म्हणून ते जमलं.

ऑगस्टमध्ये किल्ल्या मिळाल्या. पहिलं घर आणि किंमत तीन लाख पौंडांच्या आत, त्यामुळे स्टॅम्प ड्यूटी शून्य. तरी १४ दिवसांत रिटर्न भरावा लागतो, तोही बाईंनीच भरला. लीज वाढवायला मालकीची दोन वर्षं पूर्ण व्हावी लागत, ती अट जानेवारी २०२५मध्येच गेली आहे. मागच्या आठवड्यात त्याची नोटीस त्यांच्याकडूनच पाठवली.