लादलेल्या सायकलीवर दहा महिने: चांदवड ते महेश्वर, आग्रा रोडने

मागच्या गुढीपाडव्याला सायकल घेतली. दिवाळीच्या आधी तिला कॅरिअर आणि पॅनियर (कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना लटकणाऱ्या पिशव्या) बसवले, आणि डिसेंबरात अकरा जणांच्या गटाबरोबर तंबू लादून चांदवडहून महेश्वरला जाऊन आले. आज मीटरवर 3,400 किलोमीटर आहेत. तंबू कोणता घ्यावा याच्या चौकश्या करण्यात मी दोन महिने घालवले होते. मागच्या चाकात स्पोक, म्हणजे तारा, किती आहेत हे मात्र कधी मोजलंसुद्धा नव्हतं. ज्यांना अशी लांबची, मुक्कामाची सहल करायची आहे त्यांनी माझ्या उलट करावं, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

सायकल देशी बनावटीची हायब्रिड. स्टीलची फ्रेम, पुढे तीन आणि मागे सात गिअर, 38 मिलिमीटर रुंदीचे टायर, रिमला आवळणारे साधे व्ही-ब्रेक. 24,500 रुपये पडले. कॅरिअर 1,800, पॅनियरची जोडी 4,200, दोन माणसांचा तंबू 6,900. पहिले सहा महिने ती धुळ्यातच चालली: घर ते शाळा, शाळा ते भाजीबाजार, आणि रविवारी पहाटे लळिंग किंवा सोनगीर. एप्रिल-मेमध्ये आमच्याकडे पारा 44 च्या पुढे जातो, तेव्हा सकाळी आठच्या आत घरी परतावंच लागायचं. या सहा महिन्यांत सायकलीने एक तक्रार केली नाही. रिकामी होती म्हणून केली नाही, हे मला नंतर कळलं.

आग्रा रोड, म्हणजे मुंबई-आग्रा रस्ता, निवडण्याचं कारण सांगते. धुळ्यात आम्ही ‘आग्रा रोड’ म्हणतो तो आता गावातल्या बाजाराचा रस्ता आहे. साड्यांची दुकानं, भांड्यांची दुकानं, हातगाड्या. हायवे बाहेरून वळवला गेला. पण नाव राहिलं, आणि ते उगाच राहिलेलं नाही. 1819 मध्ये ब्रिटिश अधिकारी कॅप्टन ब्रिग्जने खानदेशच्या कारभारासाठी धुळ्याची निवड केली, त्यात गाव या मोठ्या वाटेवर असणं हे एक कारण होतं. माझ्या गावाला ज्या रस्त्याने मोठं केलं, त्या रस्त्यावरून मी आयुष्यभर एसटीच्या खिडकीतून गेले. एकदा तो पायांनी मोजायचा होता. चांदवडला होळकरांचा रंगमहाल आणि शेवटी महेश्वरला अहिल्याबाईंची राजधानी, अशी दोन टोकं आमच्या ड्रॉइंगच्या मास्तरांनी सुचवली. गटात तेच सगळ्यात मोठे, 63 वर्षांचे. सगळ्यात लहान एकोणीसचा. आम्ही बायका तिघी.

निघण्याच्या आदल्या दिवशी किराणा दुकानातल्या काट्यावर सामान तोललं. माझं 19 किलो भरलं, त्यातलं 15 मागे. बरोबरच आहे असं वाटलं, कारण बाकीच्यांचंही तेवढंच होतं.

या रस्त्याची एक गंमत नकाशावर कळत नाही. चांदवड उंचावर आहे. तिथून राहुड घाट उतरला की मालेगाव, पुढे झोडगे, मग लळिंगचा उतार, धुळे, सोनगीर, नरडाणा, असं करत सावळद्याला तापी येईपर्यंत रस्ता एकंदरीत खालीच जातो. तापी ओलांडली की समोर सातपुडा. म्हणजे पहिले तीन दिवस लादलेली सायकल आपोआप पळते आणि सगळं छान चाललंय असं वाटतं. राहुडच्या उताराला मागचं चाक डावीकडे-उजवीकडे किंचित झुलत होतं. मी ते पॅनियरच्या हुकांवर ढकललं, हुक घट्ट केले आणि पुढे गेले. तिथेच थांबून चाक उचलून फिरवून पाहायला हवं होतं.

हायवेबद्दल दोन शब्द. चौपदरी रस्त्याच्या कडेची पट्टी रुंद आहे, चालवायला सोपी आहे, पण तिच्यावर फुटलेल्या ट्रकच्या टायरमधल्या बारीक तारा पडलेल्या असतात. त्या टायरमध्ये घुसतात आणि दिसत नाहीत. शिवाय याच पट्टीवरून उलट्या दिशेने मोटारसायकली येतात. आम्ही चार-चार जणांचे गट केले, एकामागे एक, दोन गटांत हाकेएवढं अंतर. मागे लाल दिवा दिवसाही चालू. भरलेला कंटेनर शेजारून गेला की आधी वारा बाहेर ढकलतो आणि मग आत ओढतो. पॅनियर लावलेल्या सायकलीला हे जास्त जाणवतं. दुसऱ्या दिवसापर्यंत अंगवळणी पडतं. तरी अंधारात या रस्त्यावर सायकल काढू नका. आम्ही रोज चारला थांबायचो.

तारांपेक्षा जास्त त्रास काट्यांनी दिला. झोडग्याच्या अलीकडे जेवणासाठी झाडाच्या सावलीत सायकली ढकलत नेल्या, आणि उठलो तेव्हा पाच सायकली बसलेल्या. वेड्या बाभळीचा काटा टायरच्या बाहेरून मोडतो आणि टोक आत राहतं. ट्यूब बदलली, हवा भरली, की दहा मिनिटांत पुन्हा फुस्स. बोटाने चाचपलं तर बोटाला रक्त येतं, टोक सापडत नाही. शेजारच्या शेतात कपाशीची वेचणी चालू होती. तिथल्या मावशींनी काय झालं ते पाहिलं, ओटीतलं एक बोंड काढून दिलं आणि म्हणाल्या, हे फिरवा आतून. कापूस टायरच्या आतून हलक्या हाताने फिरवला की जिथे टोक आहे तिथे तंतू अडकतो आणि पांढरी रेघ राहते. मग पक्कडीने काटा बाहेरून नाही, आत ओढून काढायचा. माझ्या टायरमध्ये अशा तीन रेघा निघाल्या. तेव्हापासून हँडलच्या पिशवीत मूठभर कापूस असतो. सहलीनंतर टायरच्या आत जाड पट्टी घातली. गेल्या दोन महिन्यांत एकच पंक्चर.

तंबूबद्दल लोक सर्वात जास्त विचारतात, म्हणून थोडक्यात. पावसाळ्यात गच्चीवर लावून पाहिला तेव्हा एका शिवणीतून पाणी आलं, ती शिवण मी घरी सील केली, नंतर आलं नाही. वजन सव्वादोन किलो, लावायला मला एकटीला सात मिनिटं लागतात. खुंट्या मात्र बेकार. सोनगीरला मुरमात दोन वाकल्या, आणि काळ्या मातीच्या भेगाळलेल्या रानात त्या हाताने उपटून येतात. आता कापडी पिशव्या नेते. त्यात जागेवरचे दगड भरले की दोरी हलत नाही. उन्हाळ्यात खानदेशात तंबूत झोपायचा विचारही करू नका. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, बस.

जागा निवडायला आम्हाला सावळद्याला शिकवलं ते एका शेतकऱ्याने. तापीच्या काठाशी, पाण्याजवळ सपाट जागा पाहून आम्ही तंबू पसरायला घेतले. ते वरून हाक मारत आले: “आठे नका जपा भाऊ, वर या. आठे भलतं दव पडस.” म्हणजे इथे झोपू नका, वर या, इथे फार दव पडतं. सहा तंबूंपैकी चार वर गेले. दोघांना नदी समोर हवी होती. सकाळी वरच्यांचे तंबू कोरडे, खालच्या दोघांच्या छतातून आतल्या बाजूने थेंब गळत होते आणि एकाची पिसांची गोधडी भिजून गोळा झाली होती. ते दोन तंबू वाळवण्यात आमचा दीड तास गेला, आणि घाटाच्या दिवशी दीड तास फार महाग असतो.

त्या संध्याकाळचं मात्र सांगितलंच पाहिजे. त्याच शेतकऱ्याच्या घरून हिरवी वांगी आली, कपाशीच्या वाळलेल्या काड्यांचा जाळ केला, आणि वांगी काळी होईपर्यंत भाजली. कांद्याची पात, मिरच्या, लसूण, शेंगदाणे, वरून तेल. त्यांच्या आईने कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या) भाकरी थापून पाठवल्या. आम्ही नाशिकहून आणलेली नूडल्सची पाकिटं शेवटपर्यंत फोडलीच नाहीत. खानदेशातून जाणार असाल तर पुढच्या दिवसाचं एक जेवण सोडून बाकी शिधा वाहू नका. धाब्यावर शेवभाजी मिळते, गावात विचारलं तर वरण-बट्टीसुद्धा मिळते, आणि ते वजन मागच्या चाकावर येत नाही.

आता चाक. चौथ्या दिवशी शिरपूर, पळासनेर करत बिजासन घाटाला लागलो. सगळ्यात लहान गिअर, उभं न राहता, एका लयीत. दुसऱ्या वळणानंतर खालून टण्ण असा आवाज आला, एखादी तंबोऱ्याची तार तुटावी तसा. दहा पावलांत चाक ब्रेकला घासायला लागलं. उतरून पाहिलं: उजव्या बाजूचा एक स्पोक हबच्या (चाकाच्या मधल्या तुंब्याच्या) भोकापाशी, जिथे तो वाकलेला असतो तिथेच, तुटून लोंबत होता.

स्पेअर स्पोक माझ्याकडे होते. बरोबर लांबीचे, चिकटपट्टीने फ्रेमला बांधलेले. पण गिअरच्या बाजूचा स्पोक घालायचा तर आधी फ्रीव्हील (मागच्या गिअरच्या चकत्यांचा गठ्ठा) उतरवावं लागतं, आणि ते उतरवायचं हत्यार अकरा जणांत कुणाकडेही नव्हतं. पंप अकरा होते. चाकू अकरा होते. शेवटी मागचा ब्रेक मोकळा केला, शेजारच्या दोन स्पोकचे निपल (रिमपाशी स्पोक आवळणारे छोटे नट) थोडे सैल करून चाक जमेल तेवढं सरळ आणलं, माझे दोन्ही पॅनियर एकोणीस वर्षांच्या आणि बँकेतल्या दादांच्या सायकलीवर चढवले, आणि मी चढ पायी ढकलला. समोरून उतरणारे ट्रक पहिल्या गिअरमध्ये घुरघुरत येत होते, ब्रेकचा जळका वास येत होता. बिजासनी मातेच्या देवळापाशी पाणी प्यायले तेव्हा हात थरथरत होते.

सेंधव्यात एक म्हातारे मिस्त्री भेटले. त्यांनी चाक काढून उलट्या सायकलीच्या फ्रेममध्ये अडकवलं, आणि पान्हा हातात घेण्याआधी अंगठा आणि बोटाने एकेक तार छेडत गेले. कान चाकाला लावलेला. काही तारा वाजत होत्या, काही नुसत्या थप् करत होत्या. थप् करणाऱ्या पाच त्यांनी खडूने खुणावल्या. म्हणाले, “टूटी एक है, मरी हुई पाँच हैं।” सव्वा तासात स्पोक घातला, आऊट (चाकाचा बाक) काढला, आणि 120 रुपये घेतले. मी जास्त देऊ केले तर नको म्हणाले.

त्यांनी जे दाखवलं ते मी नंतर नीट समजून घेतलं. मागे गिअरच्या चकत्यांना जागा लागते, म्हणून दोन्ही बाजूंचे स्पोक सारखे नसतात. उजवे उभे आणि जास्त ताणलेले, डावे तिरके आणि सैलसर. चाक फिरताना जो स्पोक जमिनीकडे येतो त्याचा ताण कमी होतो, वर गेला की पुन्हा वाढतो. 2,800 किलोमीटरमध्ये माझं चाक जवळजवळ तेरा लाख वेळा फिरलं होतं, म्हणजे प्रत्येक स्पोक तेवढ्या वेळा ओढला-सोडला गेला. ताण सगळीकडे सारखा असेल तर तो हे सोसतो. काही मेलेले असतील तर बाकीच्यांवर भार येतो आणि वाकलेल्या जागी धातू थकतो. कारखान्यात मशिनवर बांधलेलं चाक पहिल्या काही शे किलोमीटरनंतर एकदा हाताने ताणून घ्यावं लागतं. ज्या दुकानातून सायकल घेतली त्यांनी पहिल्या मोफत सर्व्हिसमध्ये फक्त चेनला तेल दिलं. मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. त्यात 15 किलो मागे आणि पुढे फारसं काही नाही.

पुढचे दोन दिवस सामान वाटून घेतलं. ठीकरीला मुक्काम, मग खलघाटला नर्मदा, धामणोद, महेश्वर. मास्तरांनी सोनगीरला तांबट आळीतून घेतलेला तांब्या घाटावर भरून घेतला. आमचे फोटो आहेत, ते पुरे.

बायकांसाठी एक गोष्ट, कारण हे कुणी लिहीत नाही. मुक्काम ठरवताना आधी शौचालय, मग बाकी. शाळेचं मैदान किंवा देवळाची धर्मशाळा सरपंचांना दुपारीच फोन करून विचारली तर एकदाही नकार मिळाला नाही. संध्याकाळी अंधारात जाऊन विचारलं की लोकही अवघडतात. पेट्रोल पंपांवरची स्वच्छतागृहं या पट्ट्यात वापरण्याजोगी सापडली.

परत आल्यावर केलेले बदल असे. मागे 36 स्पोकचं, दुहेरी भिंतीच्या रिमचं चाक धुळ्यातल्या मिस्त्रींकडून हाताने बांधून घेतलं, 2,600 रुपयांत. तंबू आणि गादी आता पुढे हँडलवर, त्यामुळे मागे दहा किलोच्या आत राहतं. उतारावरचं झुलणं पूर्ण गेलं. फ्रीव्हीलचं हत्यार 150 रुपयांना मिळालं, ते गटाच्या सामानात एकच, आणि पंप आता तीनच. पॅनियरचं कापड उन्हाने फिकं झालंय आणि एका हुकाला चीर गेली आहे, तिथे सध्या तार गुंडाळली आहे. पावसाचं कव्हर पहिल्याच सरीत उडून गेलं होतं, आत प्लास्टिकची पिशवी घालते. ब्रेकचे रबर राहुड आणि लळिंगच्या दोन उतारांतच अर्धे झिजले होते, ते बदलले.

फेब्रुवारीत थाळनेरला जाणार आहोत, तापीच्या काठाने, एकच मुक्काम. मागच्या रविवारी नवं चाक 400 किलोमीटरचं झालं, म्हणून अंगणात सायकल उलटी केली आणि सगळे 36 स्पोक छेडून पाहिले. डाव्या बाजूचे दोन थप् म्हणाले. उद्या शाळा सुटल्यावर मिस्त्रींकडे टाकते.