ब्लू-रेसाठी जलद एक्स्पोर्ट : नवा संगणक काही महिने वापरल्यानंतर

माझं काम मुख्यतः रंगमंचावरचं. पुण्यातले भरतनाट्यम-कथकचे वर्ग, संगीत मंडळं आणि नाट्यसंस्था यांच्या कार्यक्रमांचं चित्रीकरण आणि संकलन मी करते. हल्ली डिस्क कोण मागतं, असं बरेच जण विचारतात. अजून मागतात. गुरूंना शिष्येच्या अरंगेत्रमची (भरतनाट्यमच्या पहिल्या पूर्ण मंचप्रयोगाची) प्रत कपाटात जपून ठेवायची असते, संस्थांना संग्रह हवा असतो, आणि चांगला ब्लू-रे प्लेअर असलेल्या घरात मोठ्या टीव्हीवर त्या डिस्कचं चित्र खरोखर देखणं दिसतं. त्यामुळे डिस्कचं काम मी बंद केलेलं नाही. ते लवकर कसं होईल, एवढाच प्रश्न होता. जुन्या चार कोअरच्या मशिनवर तीन तासांचा कार्यक्रम एक्स्पोर्टला लावला की रात्र जायची. सकाळी ताल चुकलेला एखादा कट दिसला, तर पुढची रात्रही गेली.

म्हणून पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या दुकानांतून सगळं नवीन जुळवून घेतलं. इंटेलचा आय७-१२७०० प्रोसेसर, ३२ जीबी रॅम, आरटीएक्स ३०६० कार्ड आणि दोन एनव्हीएमई एसएसडी. त्यानंतर उन्हाळ्याच्या सुट्टीतली अरंगेत्रमं, शाळांची गॅदरिंगं, एकांकिका, मैफली असं बरंच काही या मशिनमधून गेलंय. आता त्यावर लिहायला हरकत नाही.

सर्वात महत्त्वाचं आधी. 'चांगलं ग्राफिक्स कार्ड घ्या, एक्स्पोर्ट कित्येक पटींनी जलद होईल' हा सल्ला दुकानापासून मित्रांपर्यंत सगळे देतात. यूट्यूब किंवा पेनड्राइव्हच्या प्रतीसाठी तो अगदी खरा आहे. आपल्याकडच्या ब्लू-रेसाठी मात्र जवळजवळ निरुपयोगी आहे, आणि हे खरेदीच्या वेळी कोणीच सांगत नाही.

कारण असं. ब्लू-रेच्या मूळ नियमांत १९२० बाय १०८० चं चित्र प्रोग्रेसिव्ह (प्रत्येक फ्रेममध्ये पूर्ण चित्र) हवं असेल तर सेकंदाला २३.९७६ किंवा २४ फ्रेमचंच चालतं. आपण सेकंदाला ज्या २५ आणि ५० फ्रेमच्या दुनियेत काम करतो तिथे १०८० ला एकच वाट आहे, ती म्हणजे इंटरलेस्ड, सेकंदाला ५० फील्ड (एक ओळ सोडून एक अशी अर्धी चित्रं). १०८० मध्ये ५० प्रोग्रेसिव्ह त्या नियमांत बसतच नाही. ५० प्रोग्रेसिव्ह हवं तर ७२० वर उतरावं लागतं. २५ प्रोग्रेसिव्हही इंटरलेस्डची खूण लावूनच डिस्कवर जातं. एनव्हिडियाच्या कार्डात एनव्हीएन्क नावाचा एन्कोडिंगचा (चित्र दाबून फाइल बनवण्याचा) स्वतंत्र भाग असतो. तो २०१२ च्या केप्लर पिढीपासून आहे, आणि २०१८ च्या ट्युरिंग पिढीत त्याचं चित्र बरंच सुधारलं. पण त्याच ट्युरिंगपासून त्यातली एच.२६४ (ब्लू-रेला चालणारी चित्र दाबण्याची पद्धत) इंटरलेस्ड एन्कोडिंगची सोय काढून टाकली गेली. माझ्या ३०६० मध्येही ती नाही. म्हणजे कार्ड कितीही दणकट असलं तरी १०८० च्या ५० फील्डची फाइल ते बनवून देत नाही. ते काम प्रोसेसरवरच, एक्स२६४ सारख्या सॉफ्टवेअर एन्कोडरनंच करावं लागतं.

कार्डाने एन्कोड केलेली २५ प्रोग्रेसिव्हची फाइल तशीच डिस्कवर टाकून देणारे लोक मला माहीत आहेत. काही प्लेअर ती बिनतक्रार वाजवतातही. पण ग्राहकाच्या घरी कोणता प्लेअर आहे ते आपल्या हातात नसतं, आणि अरंगेत्रम मुलीच्या आयुष्यात एकदाच होतं. मी नियमात बसणारीच डिस्क देते.

मग वेळ वाचला कुठे? सगळ्यात जास्त वाचला तो कामाचा क्रम बदलल्यामुळे. पूर्वी ब्लू-रे, डीव्हीडी आणि पेनड्राइव्ह अशा तिन्ही प्रती मी थेट टाइमलाइनवरून काढायचे. म्हणजे रंगांची दुरुस्ती, नॉइज काढणं, कॅमेऱ्यांच्या फाइली उलगडणं हे सगळं तीनदा. या सगळ्यात वेळखाऊ काम नॉइज काढण्याचं असतं. नाट्यगृहातला उजेड नर्तकीवर असतो आणि बाकी मंच अंधारात, त्यामुळे काळ्या पडद्यावर दाणे उठतात. ते काढायला सॉफ्टवेअरला मागच्या-पुढच्या फ्रेमही तपासाव्या लागतात. आता टाइमलाइनवरून एकच मास्टर फाइल काढते, संकलनासाठीच्या डीएनएक्सएचआर फॉरमॅटमध्ये, १०८० आणि ५० प्रोग्रेसिव्ह. साधारण २४० एमबीपीएसच्या हिशेबाने तीन तासांना सव्वातीनशे जीबी जागा लागते. जागा जाते, पण जड प्रक्रिया एकदाच होते. त्यानंतरच्या सगळ्या प्रती या मास्टरवरून निघतात.

इथे कार्ड पुरेपूर उपयोगी पडतं. नॉइज काढणं, रंग, आकार बदलणं ही कामं कार्डावर फार लवकर होतात. एक गल्लत मात्र सगळीकडे दिसते. सॉफ्टवेअरमध्ये लिहिलेलं 'जीपीयू ॲक्सिलरेशन' म्हणजे इफेक्ट कार्डावर चालणं. शेवटचं एन्कोडिंग कार्डावर होणं ही वेगळी गोष्ट आहे. पहिलं चालू असेल म्हणून दुसरंही चालू असेलच, असं नाही.

मास्टर तयार झाली की दोन कामं एकाच वेळी लावते. ब्लू-रेची फाइल एक्स२६४ मधून प्रोसेसरवर, आणि पेनड्राइव्हची ५० प्रोग्रेसिव्ह प्रत एनव्हीएन्कमधून कार्डावर. दोन्ही हार्डवेअरच्या वेगळ्या भागांत चालतात, त्यामुळे एकमेकांना फारशी अडवत नाहीत. तीन तासांची पेनड्राइव्ह प्रत पाऊण तासाच्या आसपास होते. ब्लू-रेची, दोन पासमध्ये (एन्कोडर सगळी फाइल दोनदा चाळतो), दोन तासांच्या आतबाहेर. आधीच्या रात्रभराच्या तुलनेत हे माझ्यासाठी खूप मोठं आहे, कारण संध्याकाळी चूक सापडली तर झोपायच्या आधी दुरुस्त प्रत तयार असते.

बिटरेटचा, म्हणजे दर सेकंदाला किती डेटा द्यायचा त्याचा, हिशेब प्रत्येकाने स्वतः करावा, तयार प्रीसेटवर सोडू नये. एका थराच्या डिस्कमध्ये २५ जीबी मावतात. तीन तासांना भागलं की सेकंदाला साधारण साडेअठरा मेगाबिट येतात, त्यात आवाजही आला. दोन चॅनेलचा अनकम्प्रेस्ड आवाज दीड मेगाबिटच्या वर जातो. गाण्याच्या कार्यक्रमाला मी तो तसाच ठेवते, तानपुऱ्याच्या जव्हारीसाठी ठेवायलाच हवा. मग चित्राला साडेसोळा उरतात. नियमाने चित्राला कमाल ४० एमबीपीएस देता येतात, पण तीन तासांचा कार्यक्रम असेल तर त्या आकड्याचा काही उपयोग नाही. कार्यक्रम दीड तासाचा असेल तर मात्र हात सैल सोडता येतो.

साडेसोळामध्ये चित्र राखायचं तर एन्कोडर चांगला हवा. एक्स२६४ चा 'स्लो' प्रीसेट मी कायम केला आहे. 'व्हेरीस्लो' वापरून पाहिला, वेळ फार वाढला आणि टीव्हीवर फरक मला तरी दिसला नाही. ब्लू-रे सुसंगततेचा पर्याय चालू, लेव्हल ४.१, प्रत्येक चित्राचे चार स्लाइस, बफर ३०,००० किलोबिट आणि दर सेकंदाला एक की-फ्रेम (इतर फ्रेमवर अवलंबून नसलेली पूर्ण फ्रेम), म्हणजे अंतर २५. एवढं केलं की प्लेअर कुरकुरत नाहीत. याशिवाय एक्यू-मोड ३ ठेवते. तो अंधाऱ्या भागांना जास्त बिट देतो. मंचावरचा धूर आणि मागचा काळा पडदा इथे पूर्वी चौकोन दिसायचे, ते बरेच कमी झाले.

५० प्रोग्रेसिव्हवरून ५० फील्ड करताना एक काळजी घ्या. उभ्या दिशेने हलका लो-पास फिल्टर (बारीक रेघा किंचित मऊ करणारा) लावा. तो नसेल तर कांजीवरमच्या जरीचा काठ टीव्हीवर लुकलुकत राहतो, आणि नृत्याच्या पोशाखात जरीकाम सगळीकडे असतं. वेळेत याने काहीच फरक पडत नाही.

डिस्क बनवण्याच्या टप्प्यावर अनेकांचा वेळ नकळत जातो. तुम्ही नियमात बसणारी फाइल दिली तरी ऑथरिंगचं (डिस्कची मांडणी करणारं) सॉफ्टवेअर ती पुन्हा एन्कोड करू शकतं. वेळ दुप्पट, वर चित्र एक पायरी खाली. मेनू नको असेल तर मी टीएसमक्सर वापरते. तो एन्कोड काहीच करत नाही, फक्त ब्लू-रेची मांडणी करून देतो, त्यामुळे काही मिनिटांत काम होतं. त्यात चॅप्टर देता येतात. पुष्पांजली, अलारिप्पू, वर्णम, तिल्लाना अशा जागा दिल्या की गुरूंना हवं ते लगेच सापडतं. की-फ्रेम दर सेकंदाला असल्यामुळे चॅप्टर जागेवर पडतात. मेनू हवाच असेल तर अडोबी एन्कोअर अजून उघडते. त्याची शेवटची आवृत्ती सीएस६, २०१२ ची, पण काम करते. तिथे फाइलीसमोर 'डोन्ट ट्रान्सकोड' दिसतंय ना, ते बघूनच पुढे जावं.

प्रोसेसर घेताना नावाच्या शेवटी एफ अक्षर असलेला घेऊ नका. थोडा स्वस्त मिळतो, पण त्यात अंगचं ग्राफिक्स नसतं, म्हणजे क्विक सिंकही (व्हिडिओ उलगडण्या-बनवण्याची इंटेलची सोय) नाही. माझ्या एका कॅमेऱ्याच्या फाइली एचईव्हीसी, १०-बिट, ४:२:२ (रंगांची जास्त माहिती ठेवणाऱ्या) असतात. त्या ३०६० ला हार्डवेअरमध्ये उलगडता येत नाहीत. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनचं क्विक सिंक मात्र त्या सहज उलगडतं. कार्ड बसवल्यावर काही मदरबोर्ड अंगचं ग्राफिक्स आपोआप बंद करतात. बायोसमध्ये जाऊन ते चालू करावं लागतं. एवढ्या एका बदलाने मास्टरचा वेळ डोळ्यांना दिसेल इतका कमी झाला.

उष्णतेकडेही लक्ष द्या. १२७०० ची मूळ मर्यादा ६५ वॉट असली तरी टर्बोमध्ये तो १८० वॉटपर्यंत जातो, आणि एक्स२६४ दोन तास सगळे कोअर पिळून काढतो. एप्रिल-मे महिन्यात आमच्या पेठेतल्या वरच्या मजल्यावर सोबत आलेल्या पंख्याने भागलं नसतं. मोठा टॉवर कूलर सुरुवातीलाच घेतला. त्यामुळे तासाभराने वेग खाली येण्याचा प्रकार नाही.

डीव्हीडी मागणारे अजून आहेत. तिथे एमपेग-२ लागतं आणि एनव्हीएन्क ते बनवतच नाही. पण ७२० बाय ५७६ चं एमपेग-२ आजच्या प्रोसेसरला हलकं आहे, कार्डाची गरजही नाही. फक्त क्रम सांभाळा. आधी ५० प्रोग्रेसिव्ह मास्टर लहान करा, मग फील्ड बनवा. उलट केलं तर हातांच्या मुद्रांना दातेरी कडा येतात. तीन तास ४.७ जीबीमध्ये कोंबले तर सेकंदाला साडेतीन मेगाबिटही मिळत नाहीत, म्हणून मी मोठ्या कार्यक्रमाला ८.५ जीबीची दोन थरांची डिस्क सुचवते किंवा सरळ दोन डिस्क करते, मध्यंतरापर्यंत एक आणि नंतरची दुसरी.

बर्निंगचा वेळ मात्र कोणत्याही प्रोसेसरने कमी होत नाही. चारपट वेगाला सेकंदाला १८ एमबी, म्हणजे भरलेल्या २५ जीबीच्या डिस्कला तेवीस-चोवीस मिनिटं, आणि पडताळणी केली तर जवळजवळ तेवढीच आणखी. पडताळणी मी कधीच सोडत नाही. कोऱ्या डिस्क मिळणंही अवघड होत चाललंय. सोनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये रेकॉर्डेबल ब्लू-रेचं उत्पादन थांबवलं, त्यामुळे चांगल्या डिस्क दिसल्या की मी थोड्या जास्त घेऊन ठेवते. एलटीएच प्रकारच्या (सेंद्रिय डायचा थर असलेल्या) घेत नाही, जुने प्लेअर त्या नेहमीच वाचतात असं नाही. जास्त प्रती लागणार असतील तर आयएसओ (अख्ख्या डिस्कची एकच फाइल) एकदाच बनवा, ज्या एसएसडीवर मास्टर नाही तिच्यावर ती ठेवा म्हणजे एकीकडे पुढचा कार्यक्रम एन्कोड होत असतानाही बर्निंग अडत नाही, आणि पहिली प्रत ग्राहकाच्या घरच्या प्लेअरवर लावून बघितल्यावरच बाकीच्या काढा.