पत्राचं भाषांतर सुंदर, पण 'डॉमिनिकन' शब्दावर गाडी अडली (5 पैकी 3)

बाबांनी सेमिनरी हिल्सवर फादर लोकांकडे 26 वर्षं माळीकाम केलं. निवृत्त होताना एका आयरिश फादरांनी त्यांना चार पानी इंग्रजी पत्र लिहून दिलं होतं. बाबांना इंग्रजी येत नाही. यंदा त्यांना पंच्याहत्तरावं लागलं, म्हणून मी ते धरमपेठेतल्या एका भाषांतरवाल्यांकडे दिलं. नाव लिहीत नाही, माणसं मेहनती आहेत.

अक्षर तिरकं, शाई उडालेली, तरी एक शब्द सुटला नाही. मे महिन्यात बाबा पहाटे चारला रोपांना पाणी घालायचे, तो परिच्छेद आईने मला दोनदा वाचायला लावला.

पण पहिल्याच पानावर होतं, 'आम्ही डॉमिनिकन प्रजासत्ताकाचे नागरिक'. बाबा म्हणाले, "फादर तं आयर्लंडचे होते न!" परत नेलं, तर दुरुस्तीत 'आम्ही डॉमिनिकावासी' झालं.

इंग्रजीत तिघांनाही एकच शब्द आहे, हे मला मान्य. डॉमिनिकन प्रजासत्ताक म्हणजे हैतीला लागून असलेला स्पॅनिश बोलणारा देश, राजधानी सांतो दोमिंगो. डॉमिनिका हे वेगळं, इंग्रजी बोलणारं छोटं बेट. तिथल्या रोसोत 2023 च्या जुलैत अश्विनने कसोटीत 12 विकेट घेतल्या. आणि फादर होते ते संत डॉमिनिकच्या संघाचे, ज्याला पोपची मान्यता 1216 मध्ये मिळाली. देशाशी त्याचा संबंध नाही. संघाचा माणूस आयरिश असेल नाहीतर नागपूरचा.

मला लागलं ते हे की खूण त्याच कागदावर होती. सहीपुढे फादरांनी 'ओ. पी.' लिहिलंय. लॅटिनमध्ये 'ऑर्डो प्रेडिकाटोरम', म्हणजे प्रवचनकारांचा संघ. ती दोन अक्षरं यांनी बिनकामाची समजून गाळून टाकली. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, पण फोन आला नाही.

तिसऱ्यांदा काउंटरवर बसून मीच लिहून दिलं: 'आम्ही डॉमिनिकन संघाचे धर्मगुरू'. तिथल्या मुलीने लगेच टाइप केलं, 'ओ. पी.' सहीपुढे परत घातलं, वेगळे पैसे घेतले नाहीत. जुनी पत्रं असतील तर यांच्याकडे द्या, फक्त लिहिणारा कोण होता ते आधी सांगून ठेवा.

बाबांकडे फादरांचा एक फोटो आहे, पांढरा झगा, वरून काळा डगला, हातात बाबांनी लावलेल्या मोगऱ्याची फुलं. पत्राची घडी आता त्या फोटोच्या मागे असते.